टेपरावांनी काढलेली खिडकी

माळ्यावरचं एक खोकं टाकायचं की ठेवायचं, एवढाच काय तो प्रश्न होता. टेपराव "राहू दे" म्हणाले आणि आपल्या सुखी निवृत्त आयुष्याला त्यांनी आपल्याच हातानं सुरुंग लावला.

टेपराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. चौतीस वर्षं त्यांनी इमारतींचे नकाशे काढण्याची नोकरी केली आणि त्या चौतीस वर्षांत खिशात टेप नाही असा एक दिवस गेला नाही. कुणाकडे गेले की पाण्याचा पेला हातात येण्याआधी दाराची रुंदी मोजून व्हायची. एकदा डॉक्टर छातीला नळी लावून ठोके ऐकत असताना यांनी त्यांना टेबल अर्ध्या इंचानं कललेलं आहे असं सांगितलं होतं. नाव पडलं ऑफिसात, पण ते त्यांच्या मागोमाग घरी आलं आणि तिथंच राहिलं. "माझ्या नकाशात चौतीस वर्षांत पाव इंचाची चूक निघाली नाही," हे वाक्य ते रोज एकदा तरी बोलत. (बायको ते ऐकून हसायची. टेपरावांची समजूत अशी, की कौतुकानं हसते.)

तर त्या खोक्यात जावयाचा व्हीआर हेडसेट होता. कन्सोल नावाचं खेळाचं यंत्र असतं, त्याला ही वस्तू जोडायची, डोळ्यांवर चढवायची, की माणूस बसल्या जागेवरून भलतीकडेच जाऊन पोचतो. जावयाची बदली झाली तेव्हा त्यानं कन्सोल मित्राला देऊन टाकला आणि हेडसेट सासऱ्यांच्या माळ्यावर ठेवला. जावयांना सासऱ्यांचे माळे फार मोठे वाटतात.

"कन्सोल नाही तर ही चाळणी घेऊन काय करायचंय?" बायकोनं खालून विचारलं. "द्या खाली, भंगारवाल्याला देते."

"राहू दे," टेपराव म्हणाले. का म्हणाले, ते सांगायला महिनाभर मागं जावं लागेल.

लग्नानंतरची पहिली अकरा वर्षं या दोघांनी एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत काढली होती. अडतीस पायऱ्या चढून जायचं. खाली मशीन सुरू झालं की वर फळीवरच्या कपबश्या किणकिणायच्या आणि दुपारी मशीन थांबलं की पाळण्यातली लेक दचकून उठायची, कारण तिला शांततेची सवय नव्हती. पुढे ते घर सुटलं, मोठं घर झालं, सगळं रीतसर झालं. छापखान्याची इमारत पाडणार अशी बातमी आली तेव्हा बायको म्हणाली, "एकदा आत जाऊन येऊ या का? नुसतं बघून येऊ." टेपराव म्हणाले, "जाऊ की. पुढच्या आठवड्यात." मग बायकोचे गुडघे दुखत होते, मग टेपरावांना सर्दी झाली, मग पुढचे चार आठवडे असेच पुढं गेले. शेवटी एकदाचे पोचले, तेव्हा तिथं चारी बाजूंनी पत्रे ठोकलेले होते आणि पत्र्यांच्या वर फक्त आभाळ होतं.

बायको भांडली असती तर टेपरावांना सोपं गेलं असतं. भांडणाची त्यांना सवय होती. पण ती दोन मिनिटं पत्र्यांकडे बघत उभी राहिली आणि "चला" म्हणाली. बस्स. घरी येऊन तिनं चहा केला, टेपरावांना दिला, आणि त्यानंतर त्या घराचा विषय पुन्हा काढला नाही. टेपरावांना तो चहा अजून गिळता आला नव्हता.

म्हणून खोकं राहिलं. त्याच आठवड्यात बायको पंधरा दिवसांसाठी लेकीकडे निघाली. जाताना तिनं नेहमीच्या पंचवीस सूचना दिल्या. शेवटची अशी, "कपाटात तुमची नवीन पँट आहे. तिला हात लावू नका, मला अजून खालून टीप घालायचीय."

बस हलली तशी टेपरावांनी घरी येऊन नवीन पँट घातली आणि ते कामाला लागले.

योजना साधी होती. त्या दोन खोल्यांची मापं टेपरावांकडे होती. राहायला गेले त्या पहिल्याच दिवशी, सामान उतरवायच्या आधी, त्यांनी सगळं घर मोजून वहीत टिपलं होतं. (नवी नवरी ट्रंकेवर बसून बघत होती. माणूस कसा आहे हे तिला तेव्हाच कळलं असणार.) ती वही त्यांनी आजवर जपली होती. लेक एका कंपनीत दुकानांची थ्रीडी चित्रं करायची. टेपरावांनी कॉम्प्युटरवर नकाशा काढायचा, लेकीनं त्याचं आत फिरता येईल असं घर करायचं आणि बायको परत आली की तिच्या डोळ्यांवर हेडसेट चढवायचा. अडतीस पायऱ्या नाहीत, गुडघ्यांना त्रास नाही.

"बाबा, पण तो हेडसेट कन्सोलचा आहे," लेक फोनवर म्हणाली. "कॉम्प्युटरला तसाच लागणार नाही."

"लागेल. दोन्हीकडे भोकं आहेत."

हेडसेटला एक लांबलचक केबल होती, तिच्या टोकाला एक चपटी पिन. टेपरावांच्या कॉम्प्युटरला मागं अकरा भोकं होती. त्यांनी अकराही मोजून पाहिली. दोनांत पिन गेली, पण काही घडलं नाही. तेव्हा ते केबल खांद्यावर घेऊन कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले.

दुरुस्तीवाला सदैव कंटाळलेला माणूस होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "कुणाचं आहे हे?"

"जावयाचं."

"मग जावयालाच विचारायचं. हे कन्सोलचं. याला कॉम्प्युटरशी बोलायला मध्ये डबी लागते."

"कसली डबी?"

"अडॅप्टर. याची वीज वेगळी, कॉम्प्युटरची वीज वेगळी. डबी दोघांमध्ये बसते आणि दोघांचं जमवून देते. वर तिला स्वतःला पण वेगळी वीज लागते."

चार दिवसांनी डबी आली. डबीतून एक केबल कॉम्प्युटरच्या चित्राच्या भोकात जायला हवी होती, ती डबीबरोबर नव्हती. टेपरावांनी घरातली मॉनिटरची केबल लावून पाहिली. ती शिरेना. त्यांनी दोन्हींची तोंडं मोजली, भिंगातून पाहिली आणि लेकीला फोन केला. "अगं, तोंड जवळजवळ एकाच रुंदीचं आहे, पण डबीच्या तोंडाचा एक कोपरा कापलाय. कारागिराची चूक आहे."

"बाबा, ती चूक नाही! त्याला डिस्प्लेपोर्ट म्हणतात. कोपरा कापलेलाच असतो."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

टेपराव पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे. त्यानं एक जोडतुकडा दिला, तो चालला नाही. मग दुसरी केबल दिली, ती चालली. मग हातात धरायच्या दोन कंट्रोलरांसाठी ब्लूटूथचं नखाएवढं एक यंत्र दिलं. ते टेपरावांनी कॉम्प्युटरच्या मागं लावलं, तर शेजारच्या लोखंडी कपाटामुळे डावा हात नीट सापडेना. चित्रातला उजवा हात चाले, आणि डावा खोलीच्या कोपऱ्यात जाऊन छताकडे बोट करून उभा राही. शेवटी ते नखाएवढं यंत्र वायरीच्या टोकाला बांधून भिंतीवरच्या घड्याळाला टांगलं, तेव्हा हात ताळ्यावर आला.

"आता ते विचारेल, बसून वापरणार, उभ्यानं की फिरून," लेक म्हणाली. "आपली खोली अरुंद आहे. उभ्यानं निवडा. चालायचं अंगठ्यानं, कंट्रोलरवरची दांडी ढकलून."

टेपरावांनी उभ्यानं निवडलं. त्यावर यंत्रानं विचारलं, हेडसेट डोळ्यांवर असताना जमिनीपासून किती उंचीवर आहे? असा प्रश्न टेपरावांना आयुष्यात कुणी इतक्या आदरानं विचारला नव्हता. उंची त्यांना पाठ होती, पाच फूट सात इंच. लग्न ठरताना हीच सांगितली होती, ऑफिसच्या कागदांवरही हीच होती. त्यातून माथा ते डोळे हे साडेचार इंच त्यांनी आरशापुढे टेप धरून वजा केले आणि आलेला आकडा पाव इंचापर्यंत अचूक भरला.

नवव्या दिवशी लेकीनं घर तयार करून पाठवलं. टेपराव खुर्च्या-टेबलं भिंतीला लावून खोलीच्या मधोमध उभे राहिले. हेडफोननं कान झाकले, हेडसेट चढवला, मागचं चाक फिरवून आवळला.

आणि ते घरात होते.

तीच नऊ फूट चार इंचांची बाहेरची खोली. तोच उंबरा. तीच तिरकी तुळई, जिच्यावर पाळणा टांगला होता. टेपरावांना हे सगळं माहीत होतं, हे सगळं त्यांनीच काढलं होतं, तरी तुळईला हात लावून बघायला त्यांनी हात वर केला. आपण तिशीच्या आत आहोत आणि आता जिन्यावर पावलं वाजणार, असं त्यांना वाटून गेलं. घर त्यांच्या आठवणीपेक्षा किंचित लहान होतं आणि त्यात ते स्वतः किंचित उंच होते. (तरुणपणी आपण चांगलेच रुबाबदार होतो, असा त्यांनी याचा अर्थ लावला.)

याच भरात त्यांना खिडकीची आठवण झाली.

त्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती. पहिल्याच दिवशी बायको म्हणाली होती, "इथं एक खिडकी हवी होती." टेपराव म्हणाले होते, "मालकांना विचारतो." अकरा वर्षं ती खिडकी मागत होती आणि अकरा वर्षं ते विचारणार होते. साऱ्या गावाच्या खिडक्या काढणारा हा माणूस! आणि खरं सांगायचं तर त्यांनी मालकांना एकदाही विचारलं नव्हतं. मालकांचा आवाज मोठा होता आणि टेपरावांचा धीर लहान. हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं.

त्यांनी हेडसेट काढला आणि कॉम्प्युटरपुढे बसून पूर्वेच्या भिंतीत चार फूट बाय साडेतीनची खिडकी काढली. दोन झडपा, खाली रुंद कट्टा. लेकीला म्हणाले, "यातून सकाळचं ऊन आत येऊ दे."

"येईल बाबा," लेक म्हणाली.

आता ही लेक बापाशी बोलायला गच्चीत जाई, कारण आईला कळू द्यायचं नव्हतं. पण लपून केलेलं बोलणं आईला नेहमी जास्त नीट ऐकू येतं. अकराव्या दिवशी आई गच्चीत वाळलेले कपडे काढायला आली आणि दाराआडून तिला लेकीची एकच बाजू ऐकू आली. ती अशी:

"बाबा, आधी डोकं सैल करा... आता काय दिसतंय? काहीच नाही?... डावा हात परत हलेनासा झाला?... अहो, मग घड्याळाखाली उभे राहा... काय, पडलात? पुन्हा? कशात पाय अडकला?... नाही, आईला नाही सांगत. तिला कळलं तर सगळंच संपेल."

आईनं कपडे टोपलीत टाकले. रात्रीच तिनं पिशवी भरून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसमध्ये बसली. लेक पाठीमागून "आई, अगं ऐक तर" म्हणत राहिली, पण डावा हात न हलणाऱ्या नवऱ्याची बायको ऐकायला थांबत नाही.

इकडे टेपराव अगदी धडधाकट होते. पडले होते ते खरं, पण केबलमध्ये पाय अडकून नव्हे. नवीन पँटचे पाय टाचांखाली येत होते. ("हल्ली कारखान्यांत मापं समजणारा माणूसच उरलेला नाही," असं ते पडल्या पडल्या म्हणाले होते.) बायको परतली त्या दिवशी ते हेडसेट चढवून, कान झाकून, छापखान्यावरच्या स्वयंपाकघरात उभे होते आणि बायकोला खिडकी कशी दाखवायची याची तालीम करत होते.

बायकोनं स्वतःच्या किल्लीनं दार उघडलं. खुर्च्या एकावर एक रचलेल्या. घड्याळातून वायर लोंबतेय. मधोमध नवरा, डोळ्यांवर पांढरं काहीतरी बांधलेलं, हात हवेत.

"अगं, ये ना, घाबरू नकोस," नवरा भिंतीला म्हणत होता. "बघ, तुझ्यासाठी केलंय. उशीर झाला, पण केलंय."

"अहो!" बायको ओरडली.

"इथं उभी राहा. ऊन अंगावर घे."

"अहो, डावा हात हलवा बघू!"

टेपरावांना ऐकू काहीच आलं नव्हतं, पण खिडकीची झडप उघडायला त्यांनी डावा हात जोरात फिरवला. तो बायकोच्या हातातल्या पिशवीला लागला. रिकाम्या घरात आपला हात कशाला तरी लागला म्हणून टेपराव दचकले, मागं सरले, पँटच्या पायावर पाय पडला आणि धाडकन खाली बसले. हेडसेट कपाळावर सरकला. समोर बायको.

"तू अजून चार दिवसांनी येणार होतीस," ते म्हणाले.

"हलला," बायको म्हणाली आणि मटकन शेजारी बसली. "हात हलला." मग तिला रडू आलं, मग राग आला, आणि मग तिनं विचारलं, "ती माळ्यावरची चाळणी डोक्याला कशाला लावलीय?"

सांगून समजण्यासारखं ते नव्हतंच. टेपरावांनी तिला उभं केलं, हेडसेट तिच्या डोळ्यांवर चढवला, चष्म्याच्या काड्या बाजूनं नीट घातल्या, चाक हळू फिरवलं, दोन्ही कंट्रोलर हातांत दिले. केबल तिच्या पायांत येऊ नये म्हणून ती दोन्ही हातांत धरून मागं उभे राहिले.

तिनं हळूच मान वर केली.

"तुळई," ती म्हणाली. अंगठ्यानं थोडी पुढं गेली. "उंबऱ्याचा कोपरा उडालेला होता तो पण आहे." मग म्हणाली, "घर रिकामं आहे हो. पिंप नाही, फळी नाही, काहीच नाही."

"मी नुसतं मोजमापच घेतलं होतं," टेपराव ओशाळून म्हणाले. "सामानाचं टिपलं नव्हतं."

"असू दे. आपण आलो त्या दिवशी असंच होतं. मी इथं ट्रंकेवर बसले होते आणि तुम्ही तिथं गुडघ्यांवर बसून उंबरा मोजत होतात. मला वाटलं, हा माणूस माझ्याशी आज बोलणार तरी आहे का?" ती हसली. "पण घर हलत नाहीये. खाली मशीन चालू झालं की हलायचं ना!"

"या टोपात थरथर असते, पण कॉम्प्युटरला जोडल्यावर ती बंद असते. कन्सोलला जोडलं तरच थरथरतो."

"म्हणजे आपलं घर कन्सोललाच जोडायला हवं होतं."

टेपरावांनी केबल थोडी सैल सोडली. "आता आत जा," ते म्हणाले. "स्वयंपाकघरात."

ती आत गेली. टेपराव केबल धरून वाट बघत राहिले. चाळीस वर्षांपूर्वीचं कबूल केलेलं काम होतं. आता ती काय म्हणेल? रडेल का? त्यांनी तेवढ्यासाठी खिशात रुमालही ठेवला होता.

"भिंत कुठे गेली?" बायकोनं विचारलं.

"भिंतीत खिडकी काढली. तुला हवी होती ती."

"अहो, पण भिंत कुठे गेली? लेकीची उंची कुठे गेली?"

आणि टेपरावांना आठवलं. दर वाढदिवसाला लेकीला त्याच भिंतीला टेकवून उभं करायचं, डोक्यावर पुस्तक आडवं धरायचं, पेन्सिलीनं रेघ ओढायची आणि शेजारी आकडा लिहायचा. पुस्तक धरणारी बायको, आणि टेप धरणारे, रेघ ओढणारे, आकडा लिहिणारे ते स्वतः! वहीतली मापं पहिल्या दिवसाची होती, तेव्हा भिंत कोरी होती, आणि वहीत नसलेली गोष्ट टेपरावांच्या ध्यानात राहिलीच नव्हती. नऊ वर्षांच्या नऊ रेघा त्यांनी खिडकी काढून उडवून लावल्या होत्या.

"चुकलं," ते म्हणाले. हा शब्द त्यांना फारसा सवयीचा नव्हता. मग दुसरंही तोंडातून निघून गेलं. "आणि अगं, मी मालकांना खिडकीचं कधी विचारलंच नव्हतं. अकरा वर्षांत एकदाही नाही."

"माहीत आहे मला," हेडसेटच्या आतून आवाज आला. "तिसऱ्या वर्षी मीच मालकीणबाईंना विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी गवंडी पाठवते म्हणाल्या."

"मग?"

"मग काय? तोवर पहिली रेघ ओढून झाली होती. मी नको म्हणून सांगितलं."

टेपरावांनी केबल जरा खाली केली. "मग नंतर आठ वर्षं माझ्याकडे खिडकी मागत का होतीस?"

"काहीतरी मागायला हवं ना," बायको म्हणाली. "नाहीतर तुम्ही घरी आल्यावर सगळ्यांचे दरवाजेच मोजत बसला असता."

रुमाल शेवटी टेपरावांनाच लागला.

त्यांनी दोन दिवसांत खिडकी बुजवली. इतक्या आनंदानं त्यांनी आजवर एकही भिंत बांधली नव्हती. रेघांची मापं वहीत नव्हती, पण बायकोला सगळी पाठ होती. ती भाजी निवडत सांगायची आणि टेपराव लिहून घ्यायचे. पहिली दोन फूट पाच. चौथी तीन फूट सव्वा इंच, त्या वर्षी गोवर निघाला होता. शेवटची, घर सोडलं त्या आठवड्यातली, चार फूट दीड इंच. "त्या दिवशी ती बरोब्बर माझ्या खांद्याला आली होती," बायको म्हणाली. "तुम्ही सामान बांधत होता. आम्ही दोघी भिंतीशी उभ्या राहून बघितलं होतं." लेकीनं तिकडून रेघा पेन्सिलीच्या करून दिल्या, आकडे टेपरावांच्या जुन्या अक्षरांत. दोघींपैकी कोण फोनवर जास्त रडलं ते सांगता येणार नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायकोनं पुन्हा हेडसेट चढवला. टेपराव केबलवर. ती भिंतीशी गेली, एकेक रेघ बघत वर आली. शेवटच्या रेघेशी थांबली. हातातला कंट्रोलर तिनं आपल्या खांद्याला लावला, आणि तसाच आडवा भिंतीकडे नेला.

"लेक खुजी झालीय," ती म्हणाली.

"काय?"

"रेघ माझ्या खांद्याच्या खाली येतेय. दोन बोटं... नाही, दोन इंच."

"शक्य नाही," टेपराव म्हणाले. "माझ्या नकाशात चौतीस वर्षांत..." आणि पुढचं वाक्य अर्धं सोडून कॉम्प्युटरवर वाकले. रेघ चार फूट दीड इंचावर होती. जमीन जमिनीवर होती. भिंत, तुळई, उंबरा, सगळं त्यांनी दोनदा तपासलं. पाव इंचाची चूक नव्हती.

"मग या वयात मी वाढले म्हणायची," बायको म्हणाली. तिनं हेडसेट कपाळावर सरकवला आणि नवऱ्याकडे नीट बघितलं. "अहो, हे सुरू करताना कुणाची उंचीबिंची विचारतं का?"

टेपराव एकदम केबल गुंडाळू लागले.

"विचारतं," ते म्हणाले.

"किती सांगितलीत?"

"नेहमीचीच."

बायकोनं हेडसेट काढून टेबलावर ठेवला आणि हात पुढे केला. "टेप द्या."

संसारात तिनं पहिल्यांदाच टेप मागितला होता. टेपरावांनी तो दिला. तिनं त्यांना भिंतीशी उभं केलं, या घराच्या, आजच्या, पांढऱ्या भिंतीशी. "टाचा खाली. खाली म्हटलं ना. हनुवटी सरळ." डोक्यावर पुस्तक आडवं धरून तिनं पेन्सिलीनं रेघ ओढली, टेप लावला आणि वाचलं, "पाच फूट पाच."

"वयानुसार माणूस थोडा कमी होतोच..."

"पहिल्या वर्षीही एवढेच होता. चाळीस वर्षं तुमच्या प्रत्येक पँटचा पाय दोन इंच आत कोण घेतंय?"

टेपरावांनी खाली बघितलं. नवीन पँट टाचांभोवती गोळा होऊन पडली होती. कारखान्याची काही चूक नव्हती.

"मग कधी बोलली का नाहीस?"

"बोलणार होते. पण तुम्ही रोज ते पाव इंचाचं सांगायचात. म्हटलं, असू दे, त्यांनाही काहीतरी बोलायला हवं." तिनं रेघेशेजारी आकडा लिहिला, खाली तारीख घातली. "ती पँट काढून द्या, टीप घालते. आणि त्या यंत्राला खरं काय ते सांगा. लेकीला माझ्या खांद्याला यायचंय."

टेपराव कॉम्प्युटरपुढे बसले. पाच फूट पाचातून साडेचार इंच वजा केले. आकडा भरला. स्क्रीनवर लगेच प्रश्न आला, जुनी उंची बदलायची आहे, तुम्हाला खात्री आहे का?

टेपरावांचं बोट क्षणभर थांबलं.

"आहे म्हणा," सुईत दोरा ओवत बायको मागून म्हणाली. "मी मोजलंय."